फ्लेअर उडाला, पण पाहिला कोणी?

समर्थक : सह्याद्रीत आडवाटेला जाणाऱ्या प्रत्येक गटाच्या सॅकमध्ये एक फ्लेअर पिस्तूल असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मी बोटीवर नोकरी केलेला माणूस. आमच्याकडे ब्रिजवर बारा रॉकेट पॅराशूट फ्लेअर असल्याशिवाय जहाज बंदर सोडत नाही. प्रत्येक लाइफबोटीत आणखी चार पॅराशूट फ्लेअर, हातात धरून पेटवायचे सहा फ्लेअर आणि नारिंगी धूर सोडणारे दोन डबे असतात. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानं हे सगळं बांधून दिलंय. लहान बोटींवर आणि दूरच्या रानांत फिरणाऱ्यांकडे हेच काम पिस्तूल करतं. मार्था कॉस्टन या अमेरिकी विधवेनं नवऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या टिपणांवरून रंगीत फ्लेअरची पद्धत पुरी केली आणि १८५९ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. अमेरिकी यादवी युद्धात तिथल्या नौदलानं ती वापरली. पुढे १८७७ मध्ये एडवर्ड व्हेरी या नौदल अधिकाऱ्यानं असे रंगीत गोळे पिस्तुलातून उडवायची सोय केली. आजचं बारा बोअरचं नारिंगी प्लास्टिकचं पिस्तूल पंजात मावतं. खटका दाबला की नळी झुकते. काडतूस आत सरकवायचं, नळी बंद करायची, अंगठ्यानं घोडा मागे ओढायचा, हात डोक्यावर सरळ उंच धरायचा, तोंड फिरवायचं आणि चाप ओढायचा. थंडीनं कुडकुडणाऱ्या, घाबरलेल्या माणसालाही हे जमतं. त्याला बॅटरी लागत नाही आणि रेंजही लागत नाही. जे साधन दीडशे वर्षं समुद्रावर माणसं वाचवत आलंय, ते डोंगरातल्या माणसाला का नाकारायचं?

साशंक : मी डोंगरातल्या बचावकार्यात असतो. रात्री-बेरात्री दोर खांद्यावर टाकून निघतो, त्यामुळे एखादं साधन निव्वळ जुनं आहे म्हणून माझा त्यावर विश्वास बसत नाही. तुमच्या यादीतला पॅराशूट फ्लेअर आणि तुम्ही आम्हाला देऊ पाहताय ते पिस्तूल या दोन वस्तूंची ताकद मुळात निराळी आहे. सोलासच्या नियमानुसार रॉकेट पॅराशूट फ्लेअरला किमान ३०० मीटर उंच जावं लागतं, किमान ४० सेकंद जळावं लागतं आणि ३०,००० कँडेलांचा उजेड द्यावा लागतो. बारा बोअरच्या पिस्तुलातला तारा साधारण दीडशे मीटर जातो आणि सहा-सात सेकंदांत विझतो. त्या सहा-सात सेकंदांत कोणीतरी नेमकं त्याच दिशेला पाहत असायला हवं. समुद्रावरचीच उदाहरणं घ्या. १९७३ मध्ये मॉरिस आणि मॅरलिन बेली हे ब्रिटिश जोडपं पॅसिफिकमध्ये तराफ्यावर जवळपास चार महिने वाहत होतं. त्यांच्या जवळून सात जहाजं गेली. फ्लेअर उडवूनही कोणी वळलं नाही. शेवटी एका कोरियन मासेमारी जहाजानं त्यांना उचललं, तेव्हा हातात हलवायला फक्त कपडे उरले होते. १९८२ मध्ये स्टीव्हन कॅलहान ७६ दिवस अटलांटिकमध्ये तरंगत होता. त्यानं उडवलेले फ्लेअर पाहून एकही जहाज थांबलं नाही. अखेर त्याच्या तराफ्यावर घिरट्या घालणारे पक्षी पाहून कॅरिबियन बेटावरचे मच्छीमार तिथे आले. उघड्या, सपाट समुद्रावर ही गत, तर दोन सोंडांच्या मधल्या घळीत अडकलेल्या पोराचा सात सेकंदांचा तारा कोण पाहणार?

समर्थक : तुमच्या यादीत आणखी एक कुटुंब घाला. डगल रॉबर्टसन, त्यांची बायको, मुलं आणि एक तरुण पाहुणा. जून १९७२ मध्ये किलर व्हेलच्या धडकेनं त्यांची ‘ल्युसेट’ ही नौका गॅलापागोसच्या पश्चिमेला बुडाली. पहिल्या आठवड्यात एक जहाज जवळून गेलं. यांनी रॉकेट उडवलं, हँड फ्लेअर पेटवले, पण जहाज सरळ निघून गेलं. इथवर तुमचंच म्हणणं खरं ठरतं. मात्र अडतिसाव्या दिवशी ‘टोका मारू’ ही जपानी मासेमारी नौका दिसली, तेव्हा त्यांनी जपून ठेवलेला हँड फ्लेअर पेटवला आणि ती नौका वळली. सहाही जण वाचले. एकाच कुटुंबाला फ्लेअरनं एकदा दगा दिला आणि एकदा तारलं. यातून मी एवढंच शिकतो की फ्लेअर उडवायला कसब लागतं. समोर पाहणारा असण्याची शक्यता दिसेपर्यंत काडतुसाला हात लावायचा नाही. उडवायचाच झाला, तर लागोपाठ दोन : पहिल्यानं नजर वळते, दुसऱ्यानं खात्री पटते आणि दिशा कळते. उंचीचा हिशेबही पाहा. सपाट समुद्रावर हवा स्वच्छ असेल, तर भूमितीच्या नियमानं दीडशे मीटरवरचा तारा सुमारे ४४ किलोमीटरवरून क्षितिजाच्या वर दिसू शकतो. घळीतल्या माणसाची टॉर्च घळीबाहेर जात नाही, हाक पुढच्या वळणावर विरते. कड्याच्या वर जाणारी एकच गोष्ट त्याच्या हातात असू शकते, ती म्हणजे हा तारा. सात सेकंद कमी आहेत, मान्य. पण दुसऱ्या कुठल्याही साधनानं त्याला ती उंची मिळत नाही.

साशंक : समजा, तारा दिसला. पुढे काय? १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’वरून आठ रॉकेटं उडाली. ‘कॅलिफोर्नियन’ नावाचं जहाज बर्फामुळे थांबलं होतं आणि त्याच्या ब्रिजवरचा अधिकारी जागा होता. त्यानं पांढरी रॉकेटं पाहिली, कप्तानाला कळवलं. कप्तानानं विचारलं, की हे कंपनीचे खुणेचे दिवे असतील का? त्या काळी एकाच कंपनीची जहाजं समुद्रात एकमेकांना ओळख देण्यासाठी रंगीत दिवे आणि रॉकेटं उडवायची. दिव्यानं मोर्स पाठवून पाहिला गेला, उत्तर आलं नाही, आणि जहाज जागचं हललं नाही. त्यांचा वायरलेस ऑपरेटर ड्यूटी संपवून झोपला होता, त्याला कोणी उठवलं नाही. संकेत उडाला, दिसला, मोजलाही गेला, आणि दीड हजार माणसं मेली. आता हाच प्रसंग आमच्याकडे आणा. मावळात, जुन्नरात, अकोल्यात लग्नसराईत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या वाडीतून वरातीचे बाण उडतात. दिवाळीत तर आभाळ भरून जातं. कड्याखालच्या वाडीतल्या माणसानं डोंगराच्या अंगाला एक लाल ठिणगी वर जाऊन विझताना पाहिली, तर तो काय समजेल? पोरं वर पार्टी करतायत, असं. आणि तो चुकीचं समजला असं मी म्हणणार नाही. लाल तारा म्हणजे कोणीतरी मरणाच्या दारात आहे, हे त्याला कधी कोणी सांगितलेलंच नाही.

समर्थक : टायटॅनिकची गोष्ट पुढे न्या ना. त्या काळच्या नियमात संकटाच्या रॉकेटला कोणताही रंग चालायचा. अट एवढीच, की ती थोड्या थोड्या अंतरानं एकेक उडवावीत. त्यामुळे गोंधळाला वाव होता. बुडालेल्या माणसांच्या हिशेबातून समुद्रानं धडा घेतला. १९१४ मध्ये पहिला सोलास करार झाला, जहाजांवर वायरलेसची सतत निगराणी आली, आणि संकटाच्या खुणा दुसऱ्या कशासाठी वापरायला बंदी आली. आज १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांच्या चौथ्या परिशिष्टात संकटाच्या खुणांची यादीच आहे : लाल तारे, लाल पॅराशूट फ्लेअर, लाल हँड फ्लेअर, नारिंगी धूर. आणि नुसता रंग ठरवून ते थांबले नाहीत. समुद्रात कोणी संकटात आहे अशी खबर मिळाली, की कप्तानानं शक्य तितक्या वेगानं मदतीला गेलंच पाहिजे, हे कर्तव्य कायद्यात लिहिलं. आपल्या रेल्वेत तर रोजचं उदाहरण आहे. ब्रॉडगेजवर गाडी मध्येच अडली, की गार्ड मागे चालत जाऊन ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन पटाखे रुळावर लावतो. मागून येणाऱ्या गाडीखाली ते फुटले, की चालकानं गाडी थांबवायची. फुटण्याचा अर्थ लावत बसायची त्याला मुभा नाही. युरोपातल्या डोंगरांतही १८९४ पासून एक खूण ठरलेली आहे : मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग मिनिटभर थांबायचं. उत्तर मिनिटात तीन वेळा. वाडीतल्या माणसाला सांगितलेलं नाही, ही अडचण खरी आहे. पण ती सांगून सुटणारी अडचण आहे.

साशंक : मग आपण महत्त्वाच्या जागी आलो. संकेत अर्धा उडवणाऱ्याच्या हातात असतो, अर्धा पाहणाऱ्याच्या कर्तव्यात. समुद्रावर दुसरा अर्धा भाग कायद्यानं बांधलेला आहे, तिथे पाहणं ही पगारी नोकरी आहे, वॉचवर माणूस उभा असतो. आमच्या डोंगरात पहिलाच अर्धा विकत मिळेल. दुसरा अर्धा उभा करायला वर्षं लागतील. आणि त्या मधल्या काळात हे पिस्तूल एक काम मात्र नक्की करेल, ते म्हणजे आग लावेल. समुद्राला आग लागत नाही, म्हणून तुमच्या हिशेबात ती आलेली नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या रानात वाट चुकलेल्या एका शिकाऱ्यानं मदतीसाठी खुणेची आग पेटवली. त्याला हेलिकॉप्टरनं उचललं. त्या आगीतून सीडर फायर उठली : २,७३,००० एकरांहून जास्त रान, दोन हजारांहून अधिक घरं आणि १५ माणसं. त्याच्या आदल्या वर्षी अ‍ॅरिझोनात रानात अडकलेल्या एका बाईनं हेलिकॉप्टरचं लक्ष वेधायला आग केली. तीही वाचली. ती आग दुसऱ्या एका आगीला जाऊन मिळाली आणि दोन्ही मिळून ४,६८,००० एकर जळालं. त्यात व्हाइट माउंटन अपाची जमातीचं राखीव रान होतं. सरकारी वकिलांनी बाईवर फौजदारी खटला भरला नाही. जमातीनं मात्र आपल्या न्यायालयात तिच्याकडे भरपाई मागितली. वाचलेला माणूस एक असतो आणि किंमत मोजणारे वेगळेच असतात.

समर्थक : ही दोन्ही उदाहरणं जमिनीवर लावलेल्या उघड्या आगीची आहेत, फ्लेअरची नाहीत. सरळ वर उडवलेला पिस्तुलाचा तारा खाली येता येता हवेतच विझावा, अशीच त्याची मोजणी असते. पॅराशूट फ्लेअर वाऱ्यानं वाहून जाऊन जळत जमिनीला टेकू शकतो, म्हणून तर मी डोंगरासाठी पॅराशूट मागत नाही, पिस्तूल मागतो. तुम्ही ज्याला दुबळेपणा म्हणालात, ते सात सेकंद इथे सुरक्षितता देतात.

साशंक : सरळ वर, असं तुम्ही म्हणता. पाय मोडलेला, अर्धवट पडलेला, हात थरथरणारा पोरगा कडेला टेकून चाप ओढेल, तेव्हा नळी किती सरळ असेल? वरून झाडाची फांदी आली, वाऱ्याचा झोत आला, नळी पंचेचाळीस अंशांत झुकली, की तो तारा जळताजळता समोरच्या उतारावर पडेल. त्यात मॅग्नेशियम जळत असतं, लाल रंग स्ट्राँशियमच्या क्षारांमुळे येतो, आणि उष्णता हजार अंशांच्या वर असते. आता तो उतार कसा आहे, ते सांगतो. होळी उलटली, की सह्याद्रीच्या धारा सोनेरी होतात. गवत कमरेला लागतं, हातात चोळलं तर भुसा होतो. मध्ये कारवीच्या वाळक्या काटक्या, एकमेकींना टेकून उभ्या. उताराच्या तळाला पडलेली ठिणगी, दुपारी वर चढणारा वारा, आणि गवत माणसाच्या धावण्याच्या वेगाला मागे टाकून पेटत जातं. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक जण गेले, बहुतेक ट्रेकर. तो वणवा फ्लेअरचा नव्हता, पण वाळल्या उतारावर आग माणसांना कशी गाठते, ते तिथे दिसलं. वनखातं आमच्याकडे दर हिवाळ्यात जाळरेषा काढतं. गावकरी, वनमजूर झाडाच्या ओल्या फांद्यांनी वणवे झोडपून विझवतात. त्या माणसांना न विचारता मी प्रत्येक सॅकमध्ये एक पेटता गोळा घालायचा?

समर्थक : मग ऋतूनुसार नियम करा. जानेवारी ते पावसापर्यंत पिस्तूल बंद. सह्याद्रीत सगळ्यात जास्त गर्दी पावसाळ्यात होते, सगळ्यात जास्त माणसं तेव्हाच घसरतात, आणि तेव्हा रान ओलंचिंब असतं.

साशंक : आणि तेव्हाच डोंगर ढगात असतो. जुलैत घाटमाथ्यावर दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. तारा पहिल्याच क्षणात ढगात शिरतो आणि वरचा ढग जरासा गुलाबी होतो, इतकंच. म्हणजे जेव्हा दिसेल तेव्हा आग लावेल, आणि जेव्हा आग लावणार नाही तेव्हा दिसणार नाही. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर राहतात, म्हणजे नेमकी दिवाळी. शिवाय ते सॅकपर्यंत पोहोचणार कसं? शस्त्र कायद्यात जहाज आणि विमानाच्या नेहमीच्या सामग्रीतल्या शस्त्रांना सूट आहे. सॅकला ती नाही. दारूच्या जोरावर गोळा फेकणारं पिस्तूल, म्हणजे परवान्याचा प्रश्न उभा राहतोच. प्रवासी विमानात फ्लेअर नेता येत नाहीत, रेल्वेच्या डब्यात स्फोटक नेणं गुन्हा आहे. मुदत संपलेली काडतुसं कुठे टाकायची, याची सोय तालुक्याच्या गावात नाही. आणि चुकीच्या हातांचं काय? १९७१ मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रोत संगीताच्या कार्यक्रमात कोणीतरी छताकडे फ्लेअर गन चालवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. १९९३ मध्ये कार्डिफला फुटबॉलच्या सामन्यात प्रेक्षकांतून जहाजाचं संकटाचं रॉकेट उडवलं गेलं आणि समोरच्या स्टँडमधला एक म्हातारा प्रेक्षक मेला. आज त्यापेक्षा चांगली साधनं आहेत. उपग्रहाशी बोलणारे बीकन आहेत. कोस्पास-सारसॅट ही यंत्रणा कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघानं १९७९ मध्ये उभी केली. १९८२ पासून ती माणसं शोधतेय आणि तिचं भारतातलं केंद्र बेंगळुरूला इस्रोकडे आहे. आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोनं बनवलेलं संकटसूचक यंत्रही आहे. तिथे कोणी अनोळखी डोळा लागत नाही. खबर सरळ, जिथे जायला हवी तिथे जाते.

समर्थक : बीकनच्या बाजूनं मी तुमच्याहून जास्त बोलेन, कारण त्यानं वाचलेले खलाशी मी पाहिलेत. पण दोन गोष्टी विसरू नका. पहिली, ही दारं सामान्य ट्रेकरसाठी किती उघडी आहेत? परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगल्याबद्दल आपल्याकडे परदेशी पर्यटकांना अटक झालेली आहे. उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रंही त्याच कचाट्यात सापडतात. मुरब्बी गिर्यारोहक परवानग्यांच्या मागे लागेल. शनिवारी पुण्याहून निघालेली आठ पोरं लागणार नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बीकन माणसाची जागा सांगतो, माणूस हातात देत नाही. जीपीएस नसलेल्या जुन्या बीकनची जागा काही किलोमीटरांच्या घेरात कळते. जीपीएस असलेल्याची शंभरेक मीटरमध्ये. समुद्रात लाटांच्या मध्ये शंभर मीटरवरचं डोकं दिसत नाही, आणि तुमच्या घळीत शंभर मीटर म्हणजे एक आख्खा कडा वर किंवा खाली. हेलिकॉप्टर डोक्यावर आलंय, खालचा माणूस त्याला पाहतोय, पण वरून तो दिसत नाही, ही शोधकार्यातली सगळ्यात वाईट घटका असते. त्या शेवटच्या टप्प्यात आजही उजेड लागतो. म्हणूनच इतकं इलेक्ट्रॉनिक सामान आल्यावरही सोलासनं लाइफबोटीतले फ्लेअर काढलेले नाहीत.

साशंक : शेवटच्या टप्प्यासाठी उजेड लागतो, कबूल. पण त्यासाठी आग कशाला? दिवसा आरसा आहे, रात्री हेडटॉर्च आहे, आणि शिट्टी ढगातही ऐकू येते. अमेरिकी तटरक्षक दलानं छोट्या बोटींसाठी विजेवर चालणारा दिवा रात्रीचा संकेत म्हणून मान्य केलेला आहे, जोडीला दिवसासाठी नारिंगी झेंडा. मला पिस्तुलाबद्दल याहून खोल काळजी वाटते. ते सॅकमध्ये असलं, की माणसं पायथ्याच्या वाडीत न सांगता निघतील. आमच्या बहुतेक मोहिमांची सुरुवात एका फोननं किंवा एका गावकऱ्याच्या निरोपानं होते. सकाळी पोरं वर गेली होती, दिवेलागण झाली तरी उतरली नाहीत, असं सांगणारी बाई ही आमची सगळ्यात भरवशाची यंत्रणा आहे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र, खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्था स्वयंसेवकांवर चालतात. त्यांची ताकद यंत्रांत कमी आणि गावागावांतल्या ओळखींत जास्त आहे. पिस्तुलावरचा खोटा भरवसा ती ओळख तोडेल. उडवणारा आपला एकट्याचा बंदोबस्त करून निघाला, तर पाहणाऱ्यानं त्याच्यासाठी जागं का राहावं?

समर्थक : तुम्ही आता पिस्तुलाविरुद्ध बोलत नाही आहात, बेजबाबदार ट्रेकरविरुद्ध बोलताय. तो हेडटॉर्च घेऊनही तसाच निघतो. उलट मी म्हणतो, पिस्तूल हे वाडीशी बोलण्याचं निमित्त होऊ शकतं. ज्याला ते हवं, त्यानं निघताना पोलीस पाटलाला सांगायचं, की आम्ही अमुक वाटेनं जातोय, या वेळेपर्यंत उतरू, आणि लाल तारा दिसला तर या नंबरवर फोन करा. कराराचा दुसरा अर्धा भाग असाच बांधला जातो, एकेका गावात. समुद्राचे नियम कोणी आधी लिहून मग रॉकेटं दिली नाहीत. रॉकेटं आधी होती, गैरसमज झाले, माणसं मेली, मग नियम आले. तुम्ही म्हणता, आधी करार आणि मग साधन. पण वापरात नसलेल्या खुणेचा अर्थ कोण शिकेल? कधीच न उडालेल्या लाल ताऱ्यासाठी वाडी जागी राहील का? आणि तोवर घळीत पडलेल्या एकट्या माणसाला तुम्ही काय सांगणार? तुझ्या हाती हा एक उपाय होता, पण खालच्या रानाचा विचार करून आम्ही तो काढून घेतला, असं?

साशंक : तो प्रश्न मला टाळता येणार नाही. घळीतल्या त्या माणसाच्या हातात पिस्तूल असेल आणि त्यानं ते चालवलं, तर मी त्याला दोष देणार नाही. मरणाच्या तोंडी असलेल्यानं रानाचा हिशेब करावा, अशी अपेक्षा करणं क्रूर आहे. कॅलिफोर्नियाच्या शिकाऱ्यावरही मला राग धरता येत नाही. पण नेमक्या याच कारणासाठी तो हिशेब आधी, शांत डोक्यानं, आपण करायचा असतो. चाप ओढणारा त्या क्षणी विचार करू शकणार नाही, हे ठाऊक असताना ज्यानं पिस्तूल त्याच्या सॅकमध्ये घातलं, जबाबदारी त्याच्यावर येते. दुकानदारावर, ट्रेक नेणाऱ्या संस्थेवर, तुमच्या-माझ्यासारख्या शिफारस करणाऱ्यांवर. अ‍ॅरिझोनाच्या अपाचींनी हेच विचारलं होतं : जीव तुमचा वाचला, रान आमचं गेलं, मग या सौद्यात आम्हाला कोणी विचारलं? आमच्या ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांनी हा प्रश्न विचारला, तर माझ्याकडे उत्तर नाही.

समर्थक : तुम्ही मला एक गोष्ट पटवून दिलीत, ती सांगतो. प्रत्येक सॅकमध्ये पिस्तूल, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. समुद्रात जो भार लाटेवर पडतो, तो डोंगरात कोणाच्या तरी चराऊ कुरणावर पडतो, हे मी धरलं नव्हतं. आता माझा दावा लहान आहे. बचाव पथकाकडे, प्रशिक्षित नेत्याकडे, ठरलेल्या महिन्यांत, आणि ज्या खोऱ्यातल्या गावांना त्या खुणेचा अर्थ ठाऊक आहे आणि ती मान्य आहे, तिथेच. पण एवढ्या अटी घातल्यावरही, ज्या माणसासाठी मी बोलायला सुरुवात केली, तो वाट चुकलेला, कोणाला न सांगता निघालेला, अननुभवी पोरगा, तो यातून पुन्हा बाहेरच राहतो. समुद्र असा भेद करत नाही. बुडणारा कोण, कुठला, मूर्ख की शहाणा, हे कप्तान विचारत नाही. माझं मन अजून तिथे अडतं.

साशंक : आणि माझं मन उलट बाजूला अडतं. तुमच्या लहान झालेल्या दाव्याला माझा विरोध उरलेला नाही. पण तुमच्या अटींमधली शेवटची अट, गावांची मान्यता, हीच सगळ्यात जड आहे. गावांना अर्थ शिकवणं म्हणजे त्यांच्यावर एक कर्तव्य टाकणं. लाल तारा पाहिला, की रात्री उठायचं, फोन करायचा, प्रसंगी कंदील घेऊन वर चढायचं. समुद्रावरच्या कप्तानाला हे कर्तव्य पगारासह मिळालंय आणि कायद्यानं दिलंय. वाडीतल्या माणसाकडून आपण ते फुकट मागणार, वर त्याच्या कुरणाचा धोकाही त्यानंच पत्करायचा. तो ‘हो’ म्हणेलही, कारण आजवर बोलावलं तेव्हा तो आलेलाच आहे. पण त्याच्या चांगुलपणावर नियम उभा करणं मला न्याय्य वाटत नाही. म्हणून आता आपल्या दोघांपुढचा प्रश्न पिस्तुलाचा राहिलेला नाही. शहरातून आलेल्या पाहुण्याच्या जिवासाठी डोंगरातल्या माणसानं जागं राहावं, असं आपल्याला वाटत असेल, तर त्या जागरणाच्या बदल्यात आपण त्याला काय द्यायला बांधील आहोत? याचं उत्तर लिहिलं जाईपर्यंत शिट्टीची शिफारस मी निःशंक मनानं करेन. पिस्तुलाची करणार नाही.

समर्थक : मी ते उत्तर लिहायला बसायला तयार आहे. फक्त ते लिहून होईपर्यंत वाट पाहणं ज्याला परवडणार नाही, त्याचाही एक रकाना त्या कागदावर असला पाहिजे, आणि तो कसा भरायचा हे तुम्ही मला अजून सांगितलेलं नाही.